‘बल्ज’ म्हणजे फुगवटाच, पण कोणता फुगवटा?

प्रश्न असा आला आहे: नाशिकच्या एका शाळेत दीर्घिकांवर (गॅलक्सींवर) मराठी फलक तयार होत आहेत. ‘सेंट्रल बल्ज’साठी, म्हणजे दीर्घिकेच्या तबकडीच्या मध्यभागी जाड झालेल्या भागासाठी, एका शिक्षकांनी ‘गाभा’ लिहिलं, दुसऱ्यांनी ‘केंद्रक’, तिसऱ्यांनी ‘फुगवटा’. यातला कोणता शब्द ठेवावा? आणि ‘क्लासिकल’, ‘स्यूडो’, ‘पीनट’ या बल्जच्या प्रकारांना मराठीत काय म्हणावं?

‘फुगवटा’ ठेवा. ‘गाभा’ आणि ‘केंद्रक’ हे शब्द चांगले आहेत, पण त्यांची गरज दुसरीकडे आहे. आपल्या आकाशगंगेच्या अगदी मध्याशी सूर्याच्या चाळीस लाखांहून अधिक पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे आणि त्याभोवती ताऱ्यांचा दाट गुच्छ. या गुच्छाचा पसारा काही डझन प्रकाशवर्षांच्या घरातला. केंद्रक किंवा गाभा तो. फुगवटा मोजायचा तो हजारो प्रकाशवर्षांत. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर ‘गाभ्याच्या मध्यभागी असलेला गाभा’ असं लिहायची वेळ येईल. ‘उंचवटा’ही नको. तो जमिनीचा, एकाच बाजूला वर आलेला. दीर्घिकेची तबकडी मध्यभागी दोन्ही अंगांनी जाड होते, आणि ते ‘फुगवटा’मध्ये आपोआप येतं.

नाशिककरांना एक अडचण वाटेल, कारण आपल्याकडे ‘फुगवटा’ म्हटलं की गंगापूर धरणामागे पसरलेलं पाणी डोळ्यांसमोर येतं. अर्थशास्त्रात चलनफुगवटा आहेच. पण तिन्ही ठिकाणी मागेपुढे काय लिहिलंय त्यावरून अर्थ कळतो. पहिल्या उल्लेखात ‘मध्यवर्ती फुगवटा’ लिहा, पुढे नुसतं ‘फुगवटा’ पुरे. सामान्यरूप ‘फुगवट्या-’ होतं, म्हणून ‘फुगवट्यातले तारे’. ‘फुगवटामधले’ लिहू नका.

खरी मेहनत प्रकारांच्या नावांत आहे.

‘क्लासिकल’ला ‘अभिजात’ हा हाताशी असलेला शब्द, पण इथे तो फसवतो. अभिजात म्हणजे उच्च दर्जाचं, कुलीन. खगोलशास्त्रात म्हणायचं आहे ते एवढंच, की ‘बल्ज’ म्हटल्यावर पूर्वीपासून जे गृहीत धरलं जात होतं ते: लंबवर्तुळाकार दीर्घिकेसारखा गोलसर आकार, म्हातारे तारे, आणि प्रत्येकाची कक्षा वेगळ्या दिशेला. दीर्घिकांची टक्कर आणि विलीनीकरण यातून तो लवकर तयार होतो आणि तबकडी बहुधा नंतर त्याच्याभोवती बसते. याला ‘रूढ फुगवटा’ म्हणावं. कन्या राशीतली सोम्ब्रेरो दीर्घिका, म्हणजे एम १०४, फलकासाठी उत्तम. तिचा फुगवटा चित्रातही लपत नाही.

‘स्यूडो’ला ‘छद्म’ नको. छद्म म्हटलं की फसवणूक आली: छद्मवेष, छद्मविज्ञान. इथे तारे खरे, त्यांचा प्रकाश खरा, वेगळी आहे ती फक्त जडणघडण. तबकडीतला दांडा (केंद्रातून आरपार जाणारा ताऱ्यांचा लांबट पट्टा) किंवा सर्पिल भुजा वायूला हळूहळू आत ढकलतात, मध्यभागी तारे जन्मतात आणि तिथे एक दाट, छोटी तबकडीच तयार होते. ‘महालवजा घर’, ‘पत्रवजा लेख’ यांतला ‘वजा’ इथे चपखल बसतो: ‘तबकडीवजा फुगवटा’. ज्या प्रक्रियेतून तो होतो तिला इंग्रजीत ‘सेक्युलर इव्होल्यूशन’ म्हणतात. यंत्राकडून भाषांतर करून घेतलंत तर ‘धर्मनिरपेक्ष उत्क्रांती’ मिळेल आणि फलकावर ती तशीच लागेल, तपासा. युगानुयुगे संथपणे होणारा बदल असा तिचा अर्थ, म्हणून ‘संथ उत्क्रांती’. कॉरमेंडी आणि केनिकट या खगोलशास्त्रज्ञांनी २००४ साली या विषयाचा मोठा आढावा घेतला, तेव्हापासून ही विभागणी सर्रास वापरात आली.

तिसरा प्रकार ‘पीनट’. याला सगळेच ‘शेंगदाण्याच्या आकाराचा’ लिहितात आणि तिथेच चूक होते. इंग्रजीत दाण्याला आणि टरफलासकट शेंगेला एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत. शेंगदाणा लांबट, सगळीकडून सारखा गोल. खगोलशास्त्रज्ञांना दिसतो तो आकार दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेचा: दोन्ही टोकं फुगलेली, मध्ये कंबर. म्हणून ‘शेंगाकृती फुगवटा’. कंबर ठळक नसून कडा चौकोनी दिसत असतील तर ‘पेटीसारखा’. कोम्ब आणि सँडर्स यांनी १९८१ साली संगणकीय प्रतिरूपांतून दाखवलं, की ताऱ्यांचा दांडा कडेने पाहिला तर असाच आकार दिसतो. म्हणजे हा वेगळा अवयव नाही. दांड्याचाच आतला, वरखाली जाडावलेला भाग आहे. अथनासुला यांनी २००५ मध्ये त्याला तबकडीवजापासून वेगळं काढलं ते याच कारणाने. जुन्या लेखांत दोन्ही ‘स्यूडो’मध्येच मोडतात, तेव्हा भाषांतर करताना मूळ लेख कधीचा आहे ते बघा.

फलकावर एखाद्या दीर्घिकेसमोर प्रकार लिहायचा, तर तो ठरतो कसा हेही माहीत हवं. छायाचित्र शक्यतो जवळच्या अवरक्त प्रकाशातलं घ्यावं, कारण दृश्य प्रकाश धुळीत अडकतो. मग केंद्रापासून बाहेर जाताना तेज कसं घटतं ते मोजतात आणि त्या घटण्याची पद्धत एका आकड्यात सांगतात; तो सेर्सिक निर्देशांक. तबकडीचा निर्देशांक १ च्या आसपास, मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा ४ च्या आसपास. फुगवट्याचा २ हून कमी आला तर तबकडीवजा, जास्त आला तर रूढ, हा ढोबळ नियम. पण एकट्या आकड्यावर शिक्का मारू नये. दांडा वेगळा न काढता गणित केलं तर त्याचा प्रकाश फुगवट्याच्या खात्यात जमा होतो. केंद्रात सक्रिय कृष्णविवर असेल तर त्याच्या झगमगाटाने निर्देशांक उगाच वर चढतो. म्हणून आत सर्पिल रचना किंवा नवे तारे आहेत का, तारे एका दिशेने फिरतात की सैरावैरा, हेही पाहतात. पाहण्याची दिशाही आड येते: समोरून पाहिलं तर शेंग ओळखणं फार अवघड, कडेने पाहिलं तर आतली छोटी तबकडी लपते. एकाच दीर्घिकेत दोन-तीन प्रकार एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. आपल्या शेजारच्या देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेत रूढ आणि पेटीसारखा, दोन्ही असल्याचे पुरावे आहेत.

छायाचित्र निवडतानाही सांभाळा. जास्त वेळ उघडीप (एक्सपोजर) दिलेल्या चित्रात मध्यभाग पांढरा फट्ट होतो आणि मुलं तो सगळाच फुगवटा समजतात. कमी उघडीपीचं चित्र शेजारी लावा.

‘प्रत्येक सर्पिल दीर्घिकेच्या मध्यभागी फुगवटा असतो’ हे वाक्य मात्र काढून टाका. एम ३३ या सर्पिल दीर्घिकेत तो जवळपास नाहीच. कॉरमेंडी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुमारे २.६ कोटी प्रकाशवर्षांच्या आतल्या १९ मोठ्या दीर्घिका तपासल्या, तेव्हा किमान ११ मध्ये रूढ फुगवट्याचा पुरावा मिळाला नाही. त्यात एम १०१ आहे आणि आपली आकाशगंगाही.

आकाशगंगेच्या फलकासाठी मजकूर असा सुचवतो: ‘आपल्या आकाशगंगेचा मध्यवर्ती फुगवटा मुख्यतः शेंगाकृती आहे. तो मूळ नक्षत्राच्या परिसरात, धनु राशीच्या दिशेला आहे. नाशिकहून एप्रिलच्या मध्यावर पहाटे पावणेपाचच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४१ अंश उंचीवर पाहा.’ जूनमध्ये हाच भाग मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला येतो, पण तेव्हा ढग असतात, म्हणून एप्रिलच लिहा. देवयानीसाठी नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साडेनऊनंतर उत्तरेला उंच पाहायला सांगा, आणि साध्या दुर्बिणीतून जो धूसर ठिपका ठळक दिसतो तो मुख्यतः तिचा फुगवटाच आहे, हे खाली एका ओळीत लिहा.