पुण्यात टाइल्सचं काम शिकून स्वतःचा धंदा करायचाय, सर्टिफिकेट लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, राहायला धायरीत, कुरिअर कंपनीत नोकरी. ती सोडून टाइल्स बसवायचं काम शिकायचं आणि स्वतःची कामं घ्यायची आहेत. कोर्स कुठला करावा, कागदाशिवाय कोणी काम देतं का, आणि शिकायला किती वेळ जाईल?

आधी कागदाचं बोलू. फरशी बसवायला आपल्याकडे परवाना लागत नाही. वायरिंगवाल्याला लागतो, प्लंबरला महापालिकेचा असतो, टाइल मिस्त्रीला काही नाही. मी हेच काम करतो आणि मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने सर्टिफिकेट मागितलेलं नाही. मागतात ते आधीच्या बाथरूमचे फोटो आणि त्या घरमालकाचा नंबर. नंबर मागितला तर खुशाल द्या, आणि देता येईल असंच काम करा.

तरीही कागद हवाच असेल तर वाटा आहेत. आयटीआयला ‘मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर)’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे, आठवी पास चालतो. पण त्यात वीटकाम, प्लास्टर, काँक्रीट हेच जास्त. तुमच्या वयाला, नोकरी सोडून त्यासाठी वर्ष घालवावं असं मला वाटत नाही. बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा ‘मेसन टायलिंग’ असा वेगळा अभ्यासक्रम आहे. शिवाय आधीच काम येत असलेल्यांसाठी ‘आरपीएल’ असतं, म्हणजे हातातलं कौशल्य तपासून सर्टिफिकेट देतात. पुण्यात क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेचा ‘कुशल’ उपक्रम साइटवरच कामगारांना प्रशिक्षण देतो. मला विचाराल तर काम आधी शिका, कागद नंतर आरपीएलमधून घ्या. मोठ्या ठेकेदाराकडे किंवा आखातात जायचं ठरलं तर तो उपयोगी पडेल.

आता खरा मुद्दा, शिकायचं कोणाकडे. बहुतेक जण बिल्डरच्या साइटवर मुकादमाच्या हाताखाली लागतात. तिथे हात भरभर चालायला लागतो हे खरं, पण महिनोन्‌महिने एकाच मापाच्या फ्लॅटमध्ये तीच दोन बाय दोनची टाइल बसवायची. बाथरूमची टोळी वेगळी असते. नहाणी ट्रॅपला, म्हणजे बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं त्या जागेला, हात न लागता पोरगा स्वतःला मिस्त्री म्हणवायला लागतो. तुम्हाला स्वतःची कामं घ्यायची आहेत ना, मग जुन्या घरांची दुरुस्ती करणारा मिस्त्री शोधा. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये एकही बाथरूम काटकोनात नसतं. वरची टाइल उचलली की खाली शहाबादी निघते, तिच्याखाली आणखी काहीतरी. शिकायला तीच जागा. आणि माणसं घरात राहत असताना काम करायचं असल्याने स्वच्छता आणि नीट बोलणं यालाही किंमत मिळते.

असा मिस्त्री मजूर अड्ड्यावर क्वचित सापडतो. कात्रज-कोंढवा रस्त्यावर टाइल्सची दुकानं आहेत, तुमच्यापासून फार लांब नाहीत. तिथल्या काउंटरवरच्या माणसाला विचारा, “तक्रार कोणाची येत नाही?” तो दोन नावं सांगेल. मिस्त्री राजस्थानचा किंवा यूपीचा असण्याची शक्यता भरपूर, तेव्हा शिकणं हिंदीतून होईल. सुरुवातीला बिगारीचंच काम मिळेल: माल कालवा, बॉक्स वर चढवा, राडारोडा खाली न्या. पगारही हेल्परचाच. साधी जमीन काही महिन्यांत जमते. अख्खं बाथरूम एकट्याने पूर्ण करायला माझ्या मते दीड वर्ष धरा.

बाथरूममध्ये काय बघायचं ते सांगतो. गिलाव्याला हात लावण्याआधी टाइल कोरडी मांडून बघा. दार उघडल्यावर जी भिंत समोर दिसते तिथे पूर्ण टाइल यायला हवी, तुकडे दारामागे जाऊ द्यात. ढाळ ट्रॅपकडे मीटरला निदान एक सेंटिमीटर. जमिनीला मोठी टाइल हवीच असा गिऱ्हाइकाचा हट्ट असेल, तर त्याला समजवा की मोठी टाइल दोन दिशांना वाकत नाही. एक तर ती ट्रॅपच्या दिशेने तिरकी कापावी लागते, नाहीतर एक बाय एक घ्यावी. टाइल्सच्या आधी वॉटरप्रूफिंग. ते झालं की ट्रॅप बंद करून २४ तास तरी पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरच्यांचं छत बघून यायचं. हे टाळलंत तर पुढे गळती कुणाचीही असो, फोन तुम्हालाच येणार.

व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंटचा घोळ तिला नीट पकडत नाही. वर्षभरात ठोकून बघितलं की पोकळ वाजते. तिथे अ‍ॅडेसिव्हच हवं, म्हणजे टाइल चिकटवायचा गोणीतला तयार माल. गोणीवर आयएस १५४७७ हा त्याच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि टाइप लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. खाचांच्या थापीने एकाच दिशेने ओढा, आणि मधूनच एखादी टाइल उचलून तिची पाठ सगळीकडे भरलीय का बघा.

हिशेबही नीट शिकून घ्या. दोन बाय दोनच्या बॉक्सात ४ टाइल्स, दुकानदार १६ चौरस फूट म्हणतो. पण टाइल ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे बॉक्स भरतो साडेपंधरा फुटांचा. १,००० फुटांना ६३ नाही, ६५ बॉक्स लागतात, तेही तुटफूट न धरता. कमी पडले की नंतर तीच बॅच मिळत नाही आणि रंगात फरक दिसतो. दर ठरवताना तोडफोड, राडारोडा, वॉटरप्रूफिंग, स्कर्टिंगचे (भिंतीच्या तळाच्या पट्टीचे) रनिंग फूट, ग्राउट (सांधे भरायचा माल) हे सगळं वेगवेगळं लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पुण्यात भांडणं टाइलवरून कमी आणि राडारोडा कोणी उचलायचा यावरून जास्त होतात. सोसायटीची लिफ्ट आणि दुपारी ग्राइंडर बंद ठेवायची वेळ हेही आधीच विचारा. दुपारच्या झोपेत ग्राइंडर सुरू केलात तर तुमची शिफारस कोणी करणार नाही.

सरकारी गोष्टी: हेल्पर असतानाच बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६०, आणि आधीच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा ठेकेदाराचा दाखला लागतो. हात बसल्यावर पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं बघा, त्यात राजमिस्त्री हा व्यवसाय येतो: अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात दिवसाला ५०० आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. नोंदणीची चौकशी सेवा केंद्रात होईल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट असते, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटी उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर.

अवजारं बोहरी आळीत मिळतील. पहिल्या खरेदीत गुण्या, ओळंबा, लेव्हल, खाचांची थापी, रबरी हातोडा आणि गुडघ्याचे पॅड घ्या. लेसर लेव्हल नंतर. ग्राइंडरने कोरडं कापताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते, तेव्हा पाणी टाकून कापा आणि चांगला मास्क लावा. मिस्त्री हसला तरी लावा.

नोकरी लगेच सोडू नका. रविवारी शिकेन म्हणाल तर बऱ्याच सोसायट्यांत रविवारी ठोकाठोक बंद असते. गणपती उरकले की सगळ्यांना दिवाळीआधी घर तयार हवं असतं आणि मिस्त्रींना हेल्पर कमी पडतात. तेव्हा जमेल तेवढी रजा टाकून राबून बघा. गुडघे आणि कंबर काय म्हणतायत ते कळलं की मग राजीनाम्याचं ठरवा.