मांजराचे डोळे आलेत? थेंब घालायच्या आधी हे वाचा

यावेळी बहुतेक सगळे प्रश्न मांजरांच्या डोळ्यांचे आलेत. नेमके असेच रोज क्लिनिकमध्येही ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न: आमच्या मनीच्या एका डोळ्यातनं दोन दिवस पिवळी घाण येतेय, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. खाते-पिते नीट. घरीच बरं होईल का?

आधी घाणीकडे बघू नका, डोळा किती उघडा आहे ते बघा. दोन्ही डोळे सारखे टपोरे उघडे असतील तर थोडा वेळ आहे. एक डोळा किलकिला ठेवत असेल, उजेडात मिटत असेल, पंज्याने सारखा चोळत असेल तर तो दुखतोय, आणि दुखणारा डोळा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. बुबुळ पांढरट किंवा निळसर दिसतंय, दोन बाहुल्या लहानमोठ्या झाल्यात, एक डोळा मोठा वाटतोय, मांजर वस्तूंवर आपटतंय, यातलं काहीही असेल तरी तेच. तुमच्या मनीचा डोळा उघडा असेल, पण घाण पिवळी आहे आणि दोन दिवस झालेत, म्हणून आज-उद्या दाखवाच, तोपर्यंत साफ करत राहा.

साफ कसं करायचं तर साधं ०.९ टक्के सलाईन आणा, नाहीतर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघा, गरम लागायला नको. कॉन्टॅक्ट लेन्सचं लिक्विड अजिबात नको, त्यात जंतू मारणारी केमिकल असतात. कापसाचा बोळा भिजवून हलका पिळा आणि मिटलेल्या पापणीवर नुसता ठेवून द्या, पुसायचं नाही, मिनिट-दोन मिनिटं तसाच. कडक तपकिरी खपली आधी मऊ होते, मग कडेनं सुटते आणि बोळ्याला चिकटून येते. बहुतेक जण इथेच घाई करतात, सुकी खपली नखाने ओढतात, तिच्याबरोबर पापणीचे केस आणि कातडी पण निघते आणि पुढच्या वेळी मांजर जवळसुद्धा येऊ देत नाही. नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं आणि बोळा फेकायचा. दुसऱ्या डोळ्याला नवीन बोळा, तो चांगला असला तरी. दिवसातनं तीन-चार वेळा केलं तरी चालतं.

दूध, मध, चहाचं पाणी, गुलाबपाणी, बोरिक पावडर यातलं काहीच घालू नका प्लीज.

प्रश्न: घरात माणसाच्या डोळ्यांचे थेंब उरलेत. अँटिबायोटिकच आहे, मग मांजराला का नाही चालणार?

माणसांच्या कित्येक थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉईड पण असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असं नाव दिसलं तर ती बाटली मांजरापासून लांबच ठेवा. मांजरांमध्ये डोळे येण्याचं एक मोठं कारण हर्पीस व्हायरस आहे, तो बुबुळावर जखम करू शकतो, आणि जखम असलेल्या डोळ्यात स्टेरॉईड गेलं की जखम भरत नाही, उलट खोल जाते. वाईट म्हणजे पहिले एक-दोन दिवस लाली कमी होते, आपल्याला वाटतं गुण येतोय.

माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, घरात कुणाचंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यातले उरलेले थेंब त्यांनी बोक्याला तीन दिवस घातले. पहिल्या दिवशी लाली गेली म्हणून त्या खूश होत्या. मी बघितलं तेव्हा बुबुळाच्या मध्ये छोटासा खड्डा पडला होता, त्याच्या कडा पिठासारख्या पांढऱ्या. डोळा वाचला पण फूल कायमचं राहिलं. त्यांची चूक म्हणावी असं मला तेव्हाही वाटलं नाही, लाली गेली की कुणालाही बरंच वाटणार, पण ते खड्डा पडलेलं बुबुळ माझ्या डोळ्यासमोरनं जात नाही, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितेय.

डॉक्टर डोळ्यात एक केशरी रंग लावतात, जिथे जखम असते तिथे तो निळ्या उजेडात हिरवा चमकतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते केल्याशिवाय कुठलं औषध चालेल ते मीसुद्धा सांगू शकत नाही, फोटो कितीही क्लिअर असला तरी. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

प्रश्न: आईविना सापडलेलं पिल्लू आहे, दहा-बारा दिवसांचं असेल. एक डोळा उघडलाय, दुसऱ्याची पापणी फुगलीय आणि कोपऱ्यातनं पू येतोय.

याला थांबू नका, आजच न्या. पिल्लांचे डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात, पण कधीकधी बंद पापणीच्या आतच इन्फेक्शन होतं आणि पू साचतो, बाहेर यायला जागाच नसते. तो तसाच राहिला तर बुबुळ खराब होतं किंवा पापणी आतनं बुबुळाला चिकटते आणि ते नंतर सोडवणं फार अवघड. जाईपर्यंत कोमट ओल्या कापसाचा शेक देत राहा, आपोआप फट पडली आणि पू आला तर पुसून घ्या, पण बोटांनी पापणी फाडून उघडायची नाही. पिल्लू गरम राहील असं बघा, शेक देताना अंग भिजवू नका. पू निघून गेल्यावर आत छान निळा डोळा दिसतो बरेचदा, पण वेळेत जायला हवं.

प्रश्न: दर दोन-तीन महिन्यांनी परत डोळे येतात, सोबत शिंका. नेटवर लायसिन (एक अमिनो आम्लाचं सप्लिमेंट) द्या म्हणतात.

हे हर्पीसचं वागणं वाटतंय. तो व्हायरस एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठीत लपून राहतो, आणि ताण आला की परत डोकं वर काढतो. घर बदललं, नवीन मांजर आणलं, बोर्डिंगला ठेवलं, घरात पाहुण्यांची गर्दी झाली की आठवड्याभरात डोळे पाणावतात. तेव्हा तारखा लिहून ठेवा आणि त्याच्या आधी घरात काय झालं ते आठवा, बरेचदा उत्तर तिथेच सापडतं. लायसिनचा फायदा सिद्ध झालेला नाही, काही अभ्यासांत तर त्रास वाढलेला दिसला, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका. जास्त त्रास असेल तर फॅमसायक्लोव्हिर नावाचं पोटातनं द्यायचं औषध आहे, डोस डॉक्टरच ठरवतील. नाव सारखं वाटतं म्हणून माणसाचं व्हॅलासायक्लोव्हिर देऊ नका, मांजरांना ते विषारी आहे. लस दिलेली असली तरी हा त्रास होऊ शकतो, पण कमी होतो, म्हणून लस चुकवू नका.

प्रश्न: थेंब घालायला गेलं की ओरबाडते, दोन माणसं लागतात.

समोरनं बाटली आणत असाल. मांजराला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळा, फक्त डोकं बाहेर, आणि जमिनीवर बसून पाठ तुमच्याकडे येईल असं मांड्यांमध्ये घ्या. एका हाताने हनुवटी वर करा, बाटलीचा हात मागनं आणून तिच्या डोक्यावरच टेकवा, म्हणजे तिने मान हलवली तरी हात बरोबर हलेल आणि टोक डोळ्यात घुसणार नाही. एक थेंब पुरतो. थेंब आणि मलम दोन्ही असेल तर आधी थेंब, पाच-दहा मिनिटांनी मलम, तांदळाच्या दाण्याएवढं. मलमाची ट्यूब आधी मुठीत धरून गरम करा, सरळ येतं. झाल्याबरोबर आवडता खाऊ, प्रत्येक वेळी न चुकता. चोळत असेल तर गळ्यात कोन, म्हणजे प्लॅस्टिकची फनेलसारखी कॉलर, घालाच. आणि दोन दिवसांत डोळा छान दिसला म्हणून औषध बंद करू नका, क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचं इन्फेक्शन असेल तर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चार-चार आठवडे चालतं. ती गोळी कोरडी गिळवू नका, अन्ननलिकेत अडकली तर आत जखम होते, मागोमाग सिरिंजने थोडं पाणी द्या.

प्रश्न: घरातल्या बाकी मांजरांना आणि लहान मुलांना लागेल का?

मांजरांना हो, पटकन. भांडी, अंथरूण, टॉवेल वेगळे, जमलं तर खोली पण वेगळी, आणि आधी चांगल्या मांजरांचं खाणं-पिणं उरका, आजारी मांजर शेवटी. माणसांना मांजराचा हर्पीस लागत नाही, क्लॅमिडिया क्वचित लागू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा, आणि डोळा बरा होईपर्यंत मुलांना तिच्या तोंडाला तोंड लावू देऊ नका. घरात कुणाचे डोळे लाल झाले तर त्यांच्या डॉक्टरांना मांजराचं आवर्जून सांगा.