फॉस्फेटेज, ‘रोधक’ आणि स्फुरद

प्रश्न असा: ‘काइनेज पेशीविभाजन सुरू करतं आणि फॉस्फेटेज थांबवतं, तर फॉस्फेटेजला मराठीत विभाजनरोधक विकर (एंझाइम) म्हणावं का?’

मुळीच नाही. हे ‘रोधक’ प्रकरण हल्ली जिथं तिथं कानावर येतं आणि दर वेळी चिडचिड होते. काइनेज प्रथिनावर फॉस्फेट (फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा गट) बसवतं, फॉस्फेटेज तो उतरवतं, इतकंच. त्यानं काम थांबेल की सुरू होईल, हे त्या प्रथिनावर. सीडीके१ हे विकर पेशीला विभाजनात ढकलतं. वी१ हे काइनेज त्याच्यावर फॉस्फेट बसवून त्याला अडवून धरतं, आणि सीडीसी२५ हे फॉस्फेटेज तो उतरवून त्याला मोकळं करतं. इथे रोधक कोण? काइनेज! (‘वी’ म्हणजे स्कॉटिश बोलीत चिमुकलं. जीवशास्त्रज्ञ पॉल नर्स यांना एडिंबरात या विकरात बिघाड असलेलं यीस्ट सापडलं. त्याच्या पेशी पुरत्या वाढण्याआधीच दुभंगत.) विभाजन आटोपताना पीपी२ए-बी५५सारखी फॉस्फेटेजं आवराआवर करतात, ते वेगळं.

आता खरी गंमत, फॉस्फेटेजमधल्या ‘फॉस्फ’ची. हेनिग ब्रांट या किमयागारानं १६६९ मध्ये हँबुर्गला मूत्र आटवून अंधारात चमकणारा पदार्थ मिळवला. ग्रीक फोस म्हणजे प्रकाश, फोरोस म्हणजे वाहणारा; झाला फॉस्फरस. आपल्याकडे खताच्या गोणीमुळे शेतकऱ्याला ठाऊक असलेला शब्द स्फुरद. नत्र, स्फुरद, पालाश. स्फुर् म्हणजे थरथरणं, लकाकणं. बाहू स्फुरतात, स्फूर्ती येते, ती इथलीच.

पण तो ‘द’ कुठला? संस्कृतवाले ठासून सांगतात की ‘स्फुरत्’चं संधीतलं रूप ‘स्फुरद्’, जसं स्फुरद्रूप. पटत नाही. जगत्, विद्युत् मराठीत आले ते जगत, विद्युत होऊन. जगद, विद्युद असं सुटं कोण म्हणतं? मग याच एका शब्दावर संधीची मेहेरबानी का? माझ्या मते हा जलद, वरद, धनद यांतला ‘द’, देणारा. लकाकी देतो तो स्फुरद. ग्रीक नावाशी जोड्याला जोडा! संधीवाल्यांनी आधी ‘जगद’ वापरून दाखवावं, मग बोलू.

हां, फॉस्फेटेज. मराठी नाव हवंच असेल तर ‘स्फुरदहर’ घ्या. फॉस्फेट आणि फॉस्फरस एक नव्हेत, अशी हरकत रसायनवाले घेतीलच. पण गोणीवरचा स्फुरदाचा आकडा तरी कुठे निव्वळ फॉस्फरसचा असतो? तो पी२ओ५चा, म्हणजे फॉस्फरसच्या ऑक्साइडचा असतो.