शिवण-उसवण : कपाट भरलेलं, अंगात घालायला काही नाही

प्रश्न : ताई, माझं वय ३८. कपाट उघडलं की दोन-चार कपडे अंगावर कोसळतात, तरी रोज घालायला तेच तीन शर्ट आणि तीच पँट. स्वतःला बघून कंटाळा आलाय. आता सगळं उपसून तीन मोठ्या पिशव्या दान करायच्या आणि पर्यावरणपूरक म्हणवणाऱ्या ब्रँडचे मोजके, फिक्या रंगांचे, लिननचे कपडे घ्यायचे असं ठरवलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : त्या तीन पिशव्या परत कपाटात रिकाम्या करण्यापासून.

रागावू नका. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. तुमच्याकडच्या टी-शर्टने ते पाणी पिऊन झालंय. नवा, कितीही सज्जन लेबलचा असला तरी, पुन्हा पाणी मागणारच. आणि पिशवी दारातून बाहेर गेली म्हणजे कपडे कुणाच्या तरी अंगावर पोचले असं नसतं. घानातल्या अक्रा शहरात कांतामांतो नावाचा बाजार आहे. तिथे परदेशांतून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात आणि त्यातलं बरंचसं शेवटी कचऱ्यातच जातं. द्यायचंच असेल तर एकेक कपडा, धुऊन, बटण लावून, ज्याला तो होईल त्याला विचारून द्या.

आता काम. महिनाभर, कपडे वाळत घातले की त्या दोरीचा एक फोटो काढायचा. बस. महिन्याअखेरी फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. तुम्हाला काय शोभतं हे त्या दोरीला तुमच्यापेक्षा आधी कळलेलं असतं. माझ्या दोरीवर गडद हिरवा आणि विटकरी सोडून काही नसायचं, आणि मी मात्र वर्षानुवर्षं फिका गुलाबी विकत आणत होते!

जे दोरीवर एकदाही आलं नाही, त्या प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचा : का घातला नाही? ‘आवडत नाही’ हे कारण चालणार नाही, नेमकं लिहा. बाही मनगटाखाली येते. बसलं की वर सरकतो. खिसा नाही. मी २२ वर्षं लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवतेय. नावडते म्हणून आलेले बरेचसे कपडे एखाद्या इंचापायी नावडते झालेले असतात. लांबी कमी करणं, कडेने आत घेणं सोपं. सैल करायचं असेल तर आधी कपडा उलटा करून शिवणीत माया, म्हणजे टिपेच्या आतलं जादा कापड, किती सोडलीय ते बघा. हल्लीच्या तयार कपड्यांत ती नखाएवढीच असते. खांद्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. मी एकदा भारी आत्मविश्वासाने एका जॅकेटचे खांदे उसवले. तीन संध्याकाळी गेल्या, त्या जॅकेटची आता पिशवी आहे.

तुमच्या त्या तीन लाडक्या शर्टांच्या कॉलरी घडीवर विरल्या असतील, हे न बघता सांगते. कॉलर उलटवून घ्या. गळ्याभोवतीच्या ज्या पट्टीत कॉलर बसवलेली असते, तिच्यातून कॉलर बारीक कात्रीने टाका टाका उसवायची, मधोमध टाचणीने खूण करायची, पालथी करून परत त्याच पट्टीत बसवायची आणि जुन्याच रेषेवरून टीप मारायची. विरलेली बाजू खाली जाते, कोरी वर येते. खालच्या बाजूचं कापड वेगळं असेल, किंवा कॉलरच्या टोकांना काजं असतील, तर हे जमत नाही.

एवढं करूनही काही हवंसं वाटलं तर एकच वस्तू घ्या, दोरीवरच्या निदान चार कपड्यांवर चालणारी. लिनन तुमच्या एकाही फोटोत नसेल, तर ते तुम्हाला नाही, जाहिरातीतल्या बाईला आवडतं.

प्रश्न : डागाळलेला पांढरा सुती शर्ट घरी गडद निळा रंगवला. कापड सुरेख रंगलं, पण शिलाई पांढरीच राहिली. माझं काय चुकलं?

उत्तर : काही नाही. कापड सुती, पण दोरा पॉलिएस्टरचा. सुताचा रंग पॉलिएस्टर धरत नाही. त्याला वेगळा रंग आणि कडक उष्णता लागते. पुढच्या वेळी शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून वाटीवर जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

या शर्टाला आता पुन्हा बुडवू नका. उलट खिशाच्या कडेने पांढऱ्याच दोऱ्याने एक धावदोरा घाला, म्हणजे बाकीची शिलाईही मुद्दाम केल्यासारखी दिसेल. बटणंही पांढरीच राहिली असतील ना? असू द्या, बदलू नका.