‘जीवाश्म इंधन’ की ‘खनिज इंधन’?

प्रश्न असा आला आहे: दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांना कुणी ‘जीवाश्म इंधन’ म्हणतं, कुणी ‘खनिज इंधन’. यातलं बरोबर कोणतं?

इंग्रजीत यांना ‘फॉसिल फ्युएल’ म्हणतात. त्यातला ‘फॉसिल’ हा शब्द मुळात लॅटिन, आणि त्याचा जुना अर्थ ‘खणून काढलेलं’ एवढाच. म्हणजे अगदी आपलं ‘खनिज’! १५४६ साली आग्रिकोला या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने ‘फॉसिलां’वर ग्रंथ लिहिला, त्यात रत्नं, मीठ, माती, दगड असं सगळं आहे. प्राचीन जीवांचे अवशेष हा नेमका अर्थ त्या शब्दाला पुढे चिकटला. तेव्हा ‘खनिज इंधन’ म्हणणाऱ्याला चूक ठरवता येणार नाही.

तरी मी ‘जीवाश्म’च लिहितो. युरेनियमही खाणीतूनच येतं, पण ते कधी जिवंत नव्हतं. कोळसा होता. कोळशाच्या थराला लागून असलेला पाटीसारखा खडक फोडला, की कधीकधी आत नेच्याचं पान उमटलेलं दिसतं, मधल्या शिरेसकट. जगातला पुष्कळसा कोळसा ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या अशाच वनस्पतींचा आहे. त्यांनी हवेतून घेतलेला कार्बन त्यांच्याबरोबर गाडला गेला. आपण तो काही पिढ्यांत जाळून परत हवेत सोडतो आहोत. ‘खनिज’ म्हटलं की ही सगळी हकिगत हरवते, नुसती खाण उरते. मला ते फार खटकतं.

‘कोळसा’ या एका शब्दाचंही तसंच. लोणारी कोळसा लाकूड जाळून केलेला; तेवढं झाड काही वर्षांत पुन्हा वाढू शकतं. दगडी कोळशाच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून मजकूर ऊर्जेचा असेल तर ‘दगडी’ गाळू नये.

तेल तर पातळ, मग त्याला ‘अश्म’ कसं म्हणायचं, असंही कुणी विचारेल. शब्दशः पाहिलं तर ते बसत नाही, हे खरं. तेल बहुतांशी समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून झालं, डायनोसॉरपासून नव्हे. पण ‘पेट्रोलियम’चा अर्थही ‘खडकातलं तेल’ असाच आहे. एकट्या तेलासाठी ‘खनिज तेल’ रुळलेलं आहे, खाद्यतेलापासून ते वेगळंही ठेवतं. ते खुशाल वापरावं.

आणि लिहिताना ‘जीवाष्म’ नको. ‘अश्म’ म्हणजे दगड, अश्मयुगातला. त्यात शहामृगाचा श.