इन्व्हर्टरवर शेगडी चालवायची तर जास्त ओहमची कॉइल घ्यावी का?

कोरेगाव तालुक्यातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: लाईट गेल्यावर दूध-चहापुरती १००० वॅटची कॉइलची शेगडी ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर आणि १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) एका बॅटरीवर चालेल का? वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, व्हिडिओत सांगतात की कॉइलचे ओहम (तारेचा विरोध) वाढवले की बॅटरी दुप्पट टिकते, दुकानदारही तेच म्हणतो, मग तशी कॉइल टाकावी का? आणि जाता जाता एक ओळ: "सध्याची कॉइल एकदा तुटली होती, ती ओढून अडकवली आहे, मस्त तापते."

त्या शेवटच्या ओळीसाठी मी हे लिहायला बसलोय. पण आधी इन्व्हर्टरचं.

१००० वॅट चालणार नाहीत. ९०० व्हीए म्हणजे ९०० वॅट नव्हे. ०.८ ने गुणलं की ७२० येतात, त्यातही घरातले पंखे-दिवे आहेतच. शेगडी लावली की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडेल.

आता ओहम. शेगडीचे वॅट काढायचे तर व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. २३० चा वर्ग ५२,९००. म्हणजे १००० वॅटच्या कॉइलला साधारण ५३ ओहम, २००० ला साडेसव्वीस, ५०० ला १०६. कॉइलची तार नायक्रोमची असते, ती तापल्यावरही ओहम फार बदलत नाहीत, पाच-सात टक्के इतकंच, म्हणून गार कॉइलवर मीटर लावून केलेला हिशेब चालतो. बल्बच्या फिलामेंटला हे लावू नका. ते गार असताना ओहम फारच कमी दाखवतं.

वेपचा नियम अर्धाच खरा आहे. सेल थेट कॉइलला जोडलेला असेल तर ४.२ व्होल्टवर अर्ध्या ओहमची कॉइल ३५ वॅट घेते, एक ओहमची साडेसतरा. तिथे बॅटरी जास्त टिकते, कारण झुरका दोन्हीकडे तीनच सेकंदांचा असतो. फक्त वाफ कमी येते. पण ज्यात चिप असते आणि वॅट बटणावर ठरवतात, त्यात ४० वॅट ठेवले की कॉइल ०.२ ची असो की ०.५ ची, सेलमधून जवळपास तेवढेच ४० वॅट जातात. त्या यंत्रात ओहम बदलून बॅटरी वाचत नाही. (आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठवण सगळं बंद आहे, त्यामुळे ते उदाहरण तिथेच सोडा.)

इन्व्हर्टर ठरलेलं व्होल्टेज देतो, म्हणून शेगडी पहिल्या प्रकारात बसते. १०६ ओहमची कॉइल लावली की वॅट निम्मे होतील, हे खरं. पण झुरका सेकंदांवर मोजतात, दूध मात्र उकळल्याशिवाय उतरवता येत नाही. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला ८७ वॅट-तास लागतातच, कॉइल कुठलीही असो. उघड्या शेगडीवर निम्मी उष्णता बाजूने जाते असं धरा, म्हणजे पावणेदोनशे. १००० वॅटवर हे दहा-बारा मिनिटांत होतं. ५०० वर वीस-बावीस मिनिटांत होईल असं कागदावर दिसतं, पण तेवढा वेळ पातेलं आणि प्लेट हवेत उष्णता सोडत राहतात, म्हणून अर्ध्या तासाच्या आसपास जातं. झाकण नसेल तर त्याहून जास्त.

बॅटरीच्या बाजूने दुकानदाराचं थोडं बरोबर आहे. १५० एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने, बॅटरी उतरवली तर मिळतो. ५०० वॅटला इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून पन्नास-बावन्न अँपिअर ओढले जातात. भागाकाराने जवळजवळ तीन तास येतात, प्रत्यक्षात नवी ट्युब्युलर बॅटरी दोनच्या आतबाहेर थांबते. मोठ्या इन्व्हर्टरवर १००० वॅट ओढले तर शंभरच्या वर अँपिअर, आणि तिथे पाऊण तास मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे हळू ओढलं तर लेड-ॲसिड बॅटरी जास्त देते, पण त्यातला बराच भाग पातेलं गार होण्यात जातो. तास दुपटीहून जास्त दिसले तरी उकळलेलं दूध "दुप्पट" होत नाही.

आता ती ओढून अडकवलेली कॉइल.

सांगलीत एका मेसची शेगडी दुरुस्तीला आली होती, २००० वॅटची. तक्रार एवढीच की थ्री-पिन टॉप (प्लग) सारखा जळतो, दोनदा बदलला. प्लेट उघडली तर कॉइलला तीन जोड. प्रत्येक वेळी तुटलेल्या टोकाचे जळके वेढे तोडून टाकलेले, उरलेली कॉइल ताणून खाचेत बसवलेली आणि टोकं एकमेकांत पिळून अडकवलेली. मीटरवर २१ ओहम. साडेसव्वीस हवे होते. भागाकार करा: २५२० वॅट, पावणेनऊऐवजी ११ अँपिअर. तार तीच, जाडी तीच, लांबी पाचव्या हिश्श्याने कमी. उरलेल्या तारेच्या प्रत्येक इंचावर दीडपटीहून जास्त उष्णता. मेसवाल्यांना वाटत होतं जोड दिल्यापासून शेगडी सुधारली, कारण पाणी लवकर उकळत होतं. ती सुधारली नव्हती, पुढच्या तुटण्याकडे निघाली होती. तिन्ही जोडांच्या दोन्ही बाजूंना तार काळी, खडबडीत, चिमटीत धरली की तुकडा पडायचा. पिळलेल्या जागी मधे ऑक्साइडचा थर बसतो, तिथे वेगळाच विरोध तयार होतो, ठिणगी पडते आणि कॉइल तिथूनच पुन्हा तुटते. बाहेरची वायर १ चौरस मिलिमीटरची होती, टॉपमधले स्क्रू सैल. ११ अँपिअर तासन्‌तास म्हटल्यावर टॉप जळणारच.

आमच्या धंद्यात यावर जुना वाद आहे. "जोड दिला की गिऱ्हाईक खूश, नवी कॉइल सांगितली की म्हणतं लुटतो," असं म्हणणारे कारागीर भरपूर आहेत. त्यांना माझं म्हणणं एकच: जोड देऊन झाल्यावर मीटर लावून गिऱ्हाइकाला आकडा दाखवा. आकडा दाखवून जोड देणारा अजून मला भेटलेला नाही. कॉइल गॅस सिलिंडरच्या दहाव्या हिश्श्यातही येते. तुटली की काढा, पूर्ण नवी बसवा.

तुमची कॉइल मोजा. प्लग काढा, शेगडी गार होऊ द्या, मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी मीटरच्या वायरींची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून जे ०.३-०.५ येतं ते वजा करा, मग टॉपच्या दोन लहान पिनांवर (शेगडीचं बटण चालू ठेवून) मोजा. ५३ ऐवजी ४५ आले तर तुमची शेगडी १००० ची राहिली नाही, ११७५ ची झालीय. पिवळसर उजेडात "मस्त" दिसते ती म्हणूनच. हा आकडा २३० व्होल्टचा आहे. शेतीपंप सुरू झाले की गावात १८० व्होल्ट मिळतात, तेव्हा १००० वॅटची शेगडी ६१० वर येते. त्या वेळी मंद वाटते म्हणून कमी ओहमची कॉइल टाकली, की रात्री व्होल्टेज चढल्यावर जळते.

कमी वॅट हवेच असतील तर दोन १००० च्या कॉइल असलेली, तीन टप्प्यांच्या स्विचची शेगडी बघा: एकामागे एक जोडल्या की ५००, एकटी १०००, समांतर २०००. तुमच्या इन्व्हर्टरवर पहिला टप्पाच, तोही पंखे बंद करून. त्याहून बरं म्हणजे ५०० वॅटच्या आसपासची छोटी किटली. तिच्यात उष्णता थेट पाण्यात जाते, चार कप चहाचं पाणी निम्म्या खर्चात होतं. इंडक्शन नको: कमी सेटिंगवरही बऱ्याच शेगड्या पूर्ण वॅटवर चालू-बंद होत राहतात, आणि स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर त्या लावूच नयेत. साध्या कॉइलला वेव्ह कुठलीही चालते.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. दूध उतू जाऊन उघड्या कॉइलवर आलं की स्टीलच्या पातेल्यात करंट येऊ शकतो, आणि इन्व्हर्टरवर चालू असताना काही जोडण्यांमध्ये ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पडत नाही. शेगडीला अर्थिंग हवंच, आणि पातेल्याला हात लावण्याआधी प्लग काढा. दुसरं, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बॅटरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असेल तर लाल झालेली उघडी कॉइल तिच्याजवळ नको. आधी बॅटरीची जागा बदला, शेगडीचं नंतर बघू.