पुरुषांनी हॅट कधी घालावी आणि कधी काढावी?

तुम्ही विचारलंय की वाढदिवसाला फेल्टची (दाबलेल्या लोकरीच्या कापडाची) फेडोरा हॅट मिळालीये, घालायची खूप हौस आहे, पण लिफ्टमध्ये, हॉटेलात, कुणाच्या घरी गेल्यावर ती डोक्यावर ठेवायची की काढायची हे कळत नाही, आणि हे नियम आता कोणी पाळतं का. मी गेली बारा वर्षं रोज हॅट घालतोय, स्किनच्या डॉक्टरांनी ऊन टाळा म्हणून सांगितलं तेव्हा सुरू केली आणि मग सुटलीच नाही. पाळणारे कमी झालेत हे खरं, पण तुम्ही पाळलंत तर समोरच्याच्या लगेच लक्षात येतं आणि त्याला बरं वाटतं, हे मी कितीदा तरी बघितलंय.

मुळात हॅट ही बाहेरची वस्तू आहे, ऊन पाऊस धूळ यासाठी, त्यामुळे छपराखाली आलात की तिचं काम संपलं. कुणाच्या घरात, जेवायला बसताना, ऑफिसात, कोर्टात, थिएटरमध्ये काढायची (थिएटरमध्ये तर मागच्या माणसासाठी काढायचीच). स्टेशन, एअरपोर्ट, मोठ्या बिल्डिंगची लॉबी, बस, ट्रेन या जागा छपराच्या असल्या तरी रस्त्यासारख्याच धरतात, तिथे राहू द्या. लिफ्टचा घोळ जुना आहे, शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत असं मानायचे की हॉटेलची किंवा राहत्या बिल्डिंगची लिफ्ट म्हणजे खोलीच, एखादी बाई आत आली की पुरुषाने हॅट काढून हातात धरायची आणि बाहेर पॅसेजमध्ये आलं की परत घालायची, ऑफिसच्या लिफ्टला मात्र हे लागू नाही. आज कोणी एवढं बघत नाही. लिफ्टमध्ये गर्दी असेल तर काढून छातीशी धरा, कड कुणाच्या तोंडाला लागत नाही, मी तरी हेच करतो.

आणि हो, बेसबॉल कॅपलासुद्धा हेच सगळं लागू आहे. कॅप आहे म्हणून जेवणाच्या टेबलावर चालते असं नाही.

आता काढायची कशी, कारण इथे नवीन माणूस हमखास चुकतो. वरच्या खळगीत चिमटा धरून हॅट उचलायची नाही. फोटोत छान दिसतं म्हणून मी माझी पहिली फेडोरा वर्षभर तशीच उचलली आणि बरोबर बोटांच्या जागी फेल्ट आधी पातळ झालं, मग तिथे चीर पडली, ती हॅट अजून कपाटात आहे आणि चिरेतून आतलं अस्तर दिसतं. पुढची आणि मागची कड हलकी धरून उचला. हातात धरताना आतली बाजू स्वतःकडे ठेवा, आतल्या पट्टीवर घामाचे डाग असतात ते लोकांना कशाला दाखवायचे. कुठे ठेवायची झाली तर उलटी, म्हणजे वरचा भाग खाली करून ठेवा, सरळ ठेवली की कड दबून तिचा आकार जातो.

रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर नुसतं कडेला बोट लावून मान हलवली तरी चालतं, जुन्या पद्धतीत बाईंसाठी हॅट किंचित उचलायची आणि थांबून बोलायचं झालं तर पूर्ण काढायची. राष्ट्रगीताला काढतात. अमेरिकेत तर फ्लॅग कोडमध्येच, म्हणजे झेंड्याच्या नियमांतच, लिहिलंय की गणवेशात नसलेल्या पुरुषाने उजव्या हाताने हॅट काढून डाव्या खांद्याशी धरायची, म्हणजे हात हृदयावर येतो. अंत्ययात्रा समोरून जाताना काढतात, मेलेला माणूस ओळखीचा नसला तरी. एकदा मी फुटपाथवर मोबाईलवर बोलत उभा होतो आणि शववाहिका आली, माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या माणसाने काही न बोलता डोक्यावरची साधी कापडी टोपी काढली, गाडी वळेपर्यंत तशीच धरली, मग घातली आणि चालू पडला. मी फोन ठेवला आणि मीही काढली. हा एक नियम तरी कधी सोडू नका.

धर्माच्या जागी मात्र छपराचा हिशोब चालत नाही. चर्चमध्ये पुरुष डोकं उघडं ठेवतात, बायबलमध्ये संत पौलाच्या पत्रातच ते आलंय, तर सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, उलट, तिथे पुरुषाने डोकं झाकायचं. शिखांची पगडी आणि ज्यूंचा किप्पा (डोक्यावरची छोटी गोल टोपी) म्हणजे हॅट नाहीच, ते काढायला सांगायचं नसतं.

हे सांगायला नको असं वाटेल, पण मला याबद्दल फार वाटतं. एका कार्यक्रमात दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थाने एका मुलाला सगळ्यांसमोर दरडावलं, लोकरी टोपी काढ म्हणून. त्याने काढली. डोक्यावर एक केस नव्हता आणि कानामागून टाक्यांची ताजी ओळ गेलेली. तो मुलगा काही बोलला नाही, टोपी हातात चुरगळत आत जाऊन बसला, आणि मी तिथे असून गप्प राहिलो हे मला अजून टोचतं. उपचार चालू असलेल्या माणसाला सगळीकडे सूट असते. दुसऱ्याची टोपी उतरवणं हा शिष्टाचार नाहीच. १६७० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकरांवर (माणसापुढे हॅट न काढणारा ख्रिस्ती पंथ) खटला चालला, आत येताना शिपायाने त्यांच्या हॅट काढल्या होत्या, कोर्टाने त्यांच्या डोक्यावर हॅट ठेवायला लावल्या आणि मग काढत नाहीत म्हणून दंड केला! न्यूयॉर्कमध्ये १९२२ साली सप्टेंबरात उन्हाळी गवती हॅटचा सीझन संपत आला म्हणून पोरांची टोळकी लोकांच्या हॅट हिसकावून पायाखाली तुडवत होती, त्यावरून दंगल झाली. नियम पाळायचे ते स्वतःच्या डोक्यापुरते.

तुमच्या प्रश्नातलं हॉटेल राहिलं. आत शिरताना दारातच काढा, टेबलावर ताटांमध्ये ठेवू नका, बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर उलटी ठेवा, खुर्ची नसेल तर मांडीवर. केस विस्कटतात म्हणून काढायला लाजू नका, खिशात छोटा कंगवा ठेवा, मी ठेवतो.